भूमिगत वाहिन्यांचा शोध

अमेरिकेत खोदकामापूर्वी 811 या क्रमांकावर वर्दी दिली, की वीज, वायू, पाणी पुरविणाऱ्या संस्थांची माणसे येऊन तांबड्या, पिवळ्या, निळ्या रंगांत आपापल्या वाहिन्यांच्या खुणा विनामूल्य करून जातात. परंतु ही सेवा बहुधा मीटरपाशी संपते, आणि त्यापुढे मालकाच्या हद्दीत शिरलेल्या तारा व नळ हुडकण्याचे जे काम उरते, त्यावरच दोन-चार माणसांच्या लहान व्यवसायाची उपजीविका चालते.

या व्यवसायाचे मुख्य भांडवल म्हणजे प्रेषक व ग्राहक ही यंत्रांची जोडी. प्रेषकाने धातूच्या वाहिनीत ठरावीक वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडला, की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि वर फिरविलेल्या ग्राहकातील वेटोळ्यांत, फॅरडेने 1831 मध्ये शोधलेल्या तत्त्वानुसार, विद्युत्‌दाब उमटतो. खालच्या व वरच्या वेटोळ्यांतील दाबांच्या तफावतीवरून खोलीचाही अदमास लागतो. मात्र हाच प्रवाह शेजारच्या तारेत शिरला, तर यंत्र निःशंकपणे खोटी साक्ष देते, आणि कसबी माणसाची किंमत, माझ्या मते, तेथेच ठरते.

प्लॅस्टिकच्या नळासोबत धातूची तार पुरलेली नसेल, तर ही विद्या लंगडी पडते. मग भूभेदी रडार आणावे लागते. ते कोरड्या वाळूत उत्तम चालते, पण ओल्या चिकणमातीत, अर्थात आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीतही, त्याच्या लहरी थोड्याच खोलीवर शोषल्या जातात.

आपल्याकडे खोदकामाची आगाऊ वर्दी देण्यासाठी केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले आहे. स्वतःच्या आवारात नळ वा केबल पुरणाऱ्या वाचकांनी मात्र चर बुजविण्यापूर्वी मोजमापांसह नकाशा काढून तो दप्तरी ठेवावा.