यंत्राला कराचीची बोट ठाऊक नसते

अंबरनाथच्या शिवमंदिराचं शिखर पडलेलं आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की डोक्यावर उघडं आभाळ दिसतं. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख असलेलं हे मंदिर पूर्वी कसं दिसायचं, असं एआयला विचारलं, तर शिखर क्षणात उभं राहतं. ठिपक्यांचा गोंधळ घ्यायचा आणि आजवर पाहिलेल्या लाखो चित्रांच्या आधारे तो टप्प्याटप्प्याने निवळत न्यायचा, ही त्याची रीत. या मंदिरासारखी भूमिज शैलीची शिखरं त्याने फारशी पाहिली नसतील, तर ते दुसऱ्याच देवळाचा कळस बेधडक आणून बसवतं. पडद्यावर तोही खराच वाटतो.

चेहऱ्याचं तंत्र वेगळं. एका माणसाच्या हजारो चित्रांवरून यंत्र त्याची ठेवण शिकतं आणि दुसऱ्या नटाच्या अभिनयावर तो चेहरा चढवतं. ‘झपाटलेला ३’मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांना असं एआयच्या मदतीने आणण्याचा मनोदय दिग्दर्शक महेश कोठारे यांनी सांगितला आहे. लक्ष्या १६ डिसेंबर २००४ला गेला, पण चित्रपट भरपूर ठेवून गेला, चेहरा जमेल. ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचू या बाहुल्याला पाहून उडणारी त्याची गाळण मात्र बदली नटालाच वठवावी लागेल. त्या नटाचं नाव श्रेयनामावलीत ठळक यायलाच हवं.

अंबरनाथशेजारच्या उल्हासनगरचं दुखणं उलटं आहे: तिथे यंत्राला शिकायला चित्रंच अपुरी आहेत. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, बराकींत येऊन राहिली; ८ ऑगस्ट १९४९ला सी. राजगोपालाचारींच्या हस्ते शहराची कोनशिला बसली. त्या दिवसांवर चित्रपट करायला बसलेल्या दिग्दर्शकाला यंत्र काय देईल? छपरापर्यंत भरलेल्या रेल्वेगाड्या आणि बैलगाड्यांचे तांडे. फाळणीचे गाजलेले फोटो पंजाबचे आहेत ना! सिंधमधून असंख्य माणसं कराचीहून बोटीने मुंबईला उतरली. ती बोट, ती बराक, ते चेहरे यंत्राच्या पाहण्यात फारसे आलेलेच नाहीत.

अंबरनाथला मराठी चित्रपट महोत्सव भरतो, अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यातली तरुण मुलं मोबाइलवर लघुपट करतात. त्यांनी एआय जरूर वापरावं. दृश्य अंदाजाने रचलेलं असेल तर पडद्यावर तसं लिहावं. त्याआधी उल्हासनगरच्या कॅम्प एक ते पाचमधले जुने अल्बम, घरच्यांच्या परवानगीने, स्कॅन करून घ्यावेत. लहानपणी त्या बोटीत बसलेली माणसं आता ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. कोणता फोटो कुठला आणि कोणाशेजारी कोण उभं आहे, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावं लागेल.