कंस बदलले, बेरीज तीच

(क + ख) + ग आणि ग + (ख + क) ही एकच बेरीज, हे शाळेतल्या मुलालाही दिसतं. ‘लीन’, ‘कॉक’ यांसारख्या सिद्धता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र राशी फांद्याफांद्यांच्या झाडासारखी साठवतात. कंस हलला की झाड वेगळं. क्रमनिरपेक्षता आणि साहचर्य हे नियम एकेक करून लावत बसलं, तर सिद्धता पानभर लांबते. म्हणून ‘रिंग’ ही आज्ञा दोन्ही बाजू एकाच ठरावीक रूपात आणते. कॉकमध्ये ३क² + २क + ५ ही राशी हॉर्नरच्या पद्धतीने (३क + २)क + ५ अशी मांडली जाते. रूपं जुळली, समानता सिद्ध! मला यातली थोर गोष्ट वाटते ती वेगळीच: या आज्ञेवर आंधळा विश्वास ठेवावा लागत नाही, तिचं काम सॉफ्टवेअरचा छोटासा गाभा पुन्हा तपासतो. भागाकारात मात्र सावध राहा. क ÷ क = १ हे ‘रिंग’ सिद्ध करणार नाही; क शून्य नाही, हे आधी तुम्हीच दाखवायला हवं.