गोळीचा वेग पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमी का भरतो?

अमेरिकेत अनेक नेमबाज आणि शिकारी रायफलची काडतुसं घरीच भरतात. पण गोळीचा वेग पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमी आला तर? बारूद वाढवायची? मुळीच नाही!

‘.३०८ विंचेस्टर’ काडतुसाची प्रमाणित चाचणी-नळी २४ इंची असते. तुमची २० इंची असेल, तर वेग घटणारच. थंडीत काही प्रकारची बारूद मंद जळते. वेगमापक क्रोनोग्राफ नळीच्या अगदी तोंडाशी ठेवला, तरी आकडा चुकतो.

म्हणून आधी क्रोनोग्राफ, मग नळीची लांबी आणि वजनकाटा तपासायचा. वेग कमी म्हणजे आतला दाबही कमी, असं नसतं. कमाल मर्यादेपलीकडे बारूद भरली, तर रायफल हातातच फुटू शकते.

भारतात मात्र काडतुसं बनवायला शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवाना लागतो.