भात सोडला, वजन उतरलं. मग परत का चढतं?

तामसी (जि. आदिलाबाद) : वजन कमी करण्याचा सल्ला या सीमाभागात दोन भाषांतून येतो. तेलुगूतून वीरमाचनेनी रामकृष्ण यांचा ‘व्हीआरके डाएट’, तर मराठीतून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा ‘दोनदाच जेवा’ हा मंत्र. मोबाईलवर दोन्ही सहज पोहोचतात.

व्हीआरके पद्धतीत भात, भाकर, चपाती, साखर सगळं बंद. त्याऐवजी दिवसाला 70 ते 100 ग्रॅम तेल-तूप, तीन लिंबं, चार लिटर पाणी आणि मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या. दीक्षितांची पद्धत नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून आलेली. तिच्यात भाकरीला बंदी नाही. मात्र जेवण दोनदाच, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत, आणि रोज 45 मिनिटं चालणं. दोन्ही पद्धतींत वजन कमी झालेले लोक आहेत. खरा प्रश्न त्यानंतरच्या वर्षाचा आहे.

पहिल्या आठवड्यात काय उतरतं?

भात-भाकरीतल्या पिष्टाची साखर होते आणि त्यातली काही ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात व स्नायूंत साठते. हा साठा साधारण अर्धा किलोपर्यंत असतो आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात बंद केला की साठा संपतो, पाणीही निघून जातं. आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो तो बराचसा यामुळे. ही सगळी चरबी नव्हे. म्हणूनच लग्नाच्या पंगतीत दोन दिवस जेवलं की तेवढंच वजन परत दिसतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि पहिल्या आठवड्यात हुरळून जाण्यासारखंही नाही.

वर्षभरानं फरक किती?

अमेरिकेत 2003 साली 63 जणांवर एक अभ्यास झाला. सहा महिन्यांनी कमी पिष्ट खाणाऱ्यांचं वजन 7 टक्के उतरलं, कमी चरबी खाणाऱ्यांचं 3.2 टक्के. वर्षभरानंतर हेच आकडे 4.4 आणि 2.5 वर आले; आता फरक ठामपणे सांगता येण्याजोगा उरला नव्हता. पुढे 2018 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने 609 जणांवर मोठा अभ्यास केला. वर्षभरात कमी पिष्टवाल्यांचं वजन सरासरी 6 किलो आणि कमी चरबीवाल्यांचं 5.3 किलो उतरलं. म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच. पद्धत कोणती यापेक्षा ती किती दिवस निभते, यावर जास्त अवलंबून आहे.

शरीर हिशेब बदलतं

वजन परत चढलं की घरचे म्हणतात, ‘तोंडावर ताबा नाही.’ पण दोष एवढाच नाही. वजन उतरलं की शरीराचा रोजचा खर्च कमी होतो आणि भूक मात्र वाढते. संशोधक केविन हॉल यांच्या गणितानुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक रोज सुमारे 100 कॅलरीनं वाढते. पाच किलो उतरवलेल्या माणसाला रोज 500 कॅलरीची जास्तीची भूक लागते. ज्वारीच्या हिशेबात ह्या अडीच भाकरी झाल्या.

हॉल यांनीच अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांची सहा वर्षांनी तपासणी केली. स्पर्धेत त्यांचं वजन सरासरी 58 किलो उतरलं होतं. त्यातलं 41 किलो परत आलं. शिवाय बसल्या जागी शरीर जेवढं जाळायला हवं, त्यापेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं.

आपल्या ताटाचं काय?

भात सोडून ज्वारी धरली म्हणजे ‘लो-कार्ब’ झालं, असं नाही. ज्वारीच्या पिठातही शंभरात सत्तरच्या आसपास पिष्टच असतं. फायदा तंतूंचा आणि पोट भरल्यासारखं वाटण्याचा.

अडचण पैशाचीही आहे. तेलंगणात एप्रिल 2025 पासून रेशनवर माणशी 6 किलो बारीक तांदूळ फुकट मिळतो. डाळ, अंडी, दही मात्र विकत घ्यावं लागतं. भात सोडायला सांगणाऱ्या व्हिडिओत हा खर्च क्वचितच येतो. रोज 70 ग्रॅम तूप किंवा खोबरेल तेल मजुरी करणाऱ्या घरात किती महिने चालेल, हेही बघायला हवं.

मधला रस्ता आहे. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीतल्या 18,090 जणांच्या आहारावरून 2022 मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला. मधुमेह आटोक्यात आणायचा किंवा टाळायचा असेल तर पिष्टातून येणाऱ्या कॅलरी निम्म्याच्या आसपास आणाव्यात आणि प्रथिनं 20 टक्क्यांच्या जवळ न्यावीत, असं त्यातून निघालं. पिष्ट शून्य करायला कुणी सांगितलेलं नाही. म्हणजे तीन भाकरी खाणाऱ्यानं दीड-दोन खाव्यात, वरण पातळ न करता घट्ट करावं, उसळ, अंडं किंवा दही वाढवावं आणि चहातली साखर आधी काढावी.

ज्यांचं वजन उतरून टिकलं, अशा लोकांची अमेरिकेत 1994 पासून नोंद ठेवली जाते. बहुतेकांच्या सवयी साध्या आहेत : रोज तासभर चालणं किंवा तेवढी हालचाल, आठवड्यातून एकदा तरी वजन करणं आणि सुटीच्या दिवशीही खाणं फार न बदलणं.

गोळी चालू असेल तर आधी विचारा

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यानं एकदम भात-भाकर बंद केली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम, थरथर, गरगरणं ही त्याची लक्षणं; लगेच साखर किंवा गूळ द्यावा. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांच्या रक्तात आम्ल वाढण्याचा वेगळाच धोका असतो. किडनीचा आजार असणारे, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या महिलांनीही व्हिडिओ पाहून असा आहार सुरू करू नये. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा, मग ताट बदलावं.

आणि सुरू करण्याआधी स्वतःला एकच विचारावं : पुढच्या पोळ्यालाही आपण असंच जेवत असू का? उत्तर ‘नाही’ असेल, तर जे दोन वर्षं निभेल तेवढंच आज कमी करावं.