दोन वाटांचे वाहन

नवी दिल्ली स्थानकाच्या पहाडगंजकडील दरवाजातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशास समोर जे दिसते, त्यात पहाड कोठेही नसतो. सायकलरिक्षा, ई-रिक्षा, हातगाड्या, हॉटेलांच्या एकावर एक चढलेल्या पाट्या आणि या सर्वांमधून अंग चोरून वाट काढणारी माणसे, एवढेच ते दृश्य असते. जवळच्या रायसीना टेकडीमुळे या वस्तीस हे नाव पडले असे सांगतात; ती टेकडी राष्ट्रपती भवनाच्या आणि सचिवालयाच्या इमारतींखाली केव्हाच झाकून गेली. तरीही उन्हाळा संपत आला की याच गल्ल्यांमध्ये खऱ्याखुऱ्या पहाडाची तयारी चाललेली दिसते. पुण्यामुंबईहून रेल्वेच्या पार्सलने पाठविलेल्या, टाकीतील पेट्रोल काढून घेतलेल्या आणि गोणपाटात गुंडाळलेल्या मोटारसायकली सोडवून आणल्या जातात. हॉटेलाच्या दाराशी त्यांची वेष्टने उलगडतात. पहाटे त्या मनालीच्या दिशेने निघून जातात.

हा सोहळा पाहणाऱ्यांमध्ये दिल्लीकर मराठी माणूसही असतो. बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा याच भागात असल्यामुळे मराठी मंडळींची येथे ये-जा जुनीच आहे. केंद्र सरकारच्या एखाद्या कार्यालयात नोकरी करणारा, जवळच दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलेला तरुण त्या धुळीने माखलेल्या उंच गाड्या पाहतो आणि त्याच्या मनात एक प्रश्न घर करून बसतो. आपणही अशी एक गाडी घ्यावी काय? प्रश्न छंदाचा दिसतो. पण त्यात दोन-तीन लाख रुपये, घरातल्यांची सोय आणि स्वतःची हाडे अशा तीन गोष्टी गुंतलेल्या असल्यामुळे त्याचा विचार जरा विस्ताराने करणे भाग आहे.

इंग्रजीत ज्यांना ड्युअल-स्पोर्ट म्हणतात त्या मोटारसायकली म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोहोंवर चालावयाच्या म्हणून घडविलेली वाहने होत. निव्वळ चिखलातल्या शर्यतीच्या गाडीस दिवे नसतात, तिची नोंदणी होत नाही आणि ती रस्त्यावर आणता येत नाही. हिला मात्र दिवे, आरसे, क्रमांकाची पाटी सारे असते. यामाहाच्या 1968 सालच्या डीटी-1 या गाडीने हा प्रकार जगभर लोकप्रिय केला. भारतात तो फार उशिरा आला. हीरोने 2011 मध्ये इम्पल्स नावाची 150 सीसीची गाडी काढली. परंतु तिचा देह डोंगराचा आणि इंजिन शहरातले अशी तिची अवस्था असल्यामुळे ती फारशी खपली नाही आणि काही वर्षांतच बंद पडली. रॉयल एनफील्डची हिमालयन 2016 मध्ये आली, हीरोची एक्सपल्स 2019 मध्ये, आणि त्यानंतर मात्र या गाड्यांकडे लोकांचे लक्ष गेले.

त्यांच्या रचनेत चमत्कार काही नाही. पुढचे चाक 21 इंचांचे म्हणजे नेहमीच्या मोटारसायकलीपेक्षा बरेच मोठे असते. यामागचे तत्त्व आपल्याकडच्या बैलगाडी घडविणाऱ्या सुतारास शास्त्र न शिकता ठाऊक होते. खड्ड्याच्या काठावर लहान चाक जवळजवळ सरळ आदळते. मोठे चाक त्याच काठावर तिरकस कोनातून चढते, म्हणून धक्का सौम्य होतो. दुसरी गोष्ट जमिनीपासूनच्या उंचीची. सर्वत्र दिसणाऱ्या स्प्लेंडरच्या पोटाखाली 165 मिलिमीटर जागा असते, तर हिमालयनच्या 2023 साली आलेल्या 452 सीसीच्या आवृत्तीखाली 230. वाटेतला दगड पहिलीच्या इंजिनास लागेल, दुसरीच्या खालून निघून जाईल. तिसरी गोष्ट स्प्रिंगांच्या हालचालीची. या हिमालयनची दोन्ही चाके 200 मिलिमीटरपर्यंत वरखाली होऊ शकतात. त्यामुळे रस्ता नाचतो, पण स्वार त्या मानाने स्थिर राहतो. चाकांना ओतीव मिश्रधातूच्या कांबींऐवजी तारांचे आरे असतात, कारण जबर धक्क्याने ओतीव चाक तडकते, आऱ्यांचे चाक वाकते, आणि वाकलेले चाक ठोकून सरळ करणारा कारागीर लहानशा गावीही सापडतो. मात्र आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटत असल्यामुळे अशा बहुतेक चाकांत ट्यूब घालावी लागते. ट्यूब फुटली की चाक काढून टायर उतरविण्याचा खटाटोप स्वाराच्या नशिबी येतो. आऱ्यांची पण ट्यूबविरहित चाके अलीकडे मिळू लागली आहेत, पण त्यांस जादा किंमत पडते.

हे सारे गुण ज्या उंचीतून येतात त्याच उंचीतून दोषही येतात, आणि विक्रेता ते सहसा सांगत नाही. पोट उंच म्हणून आसनही उंच. स्प्लेंडरचे आसन जमिनीपासून 785 मिलिमीटरांवर असते. हिमालयन आणि एक्सपल्स यांची आसने 825 च्या आसपास, म्हणजे साधारण साडेबत्तीस इंच. हा दीड इंचाचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पण बेताच्या उंचीच्या माणसाचे दोन्ही तळवे जमिनीस टेकतात की केवळ चवडे, हे त्या दीड इंचावर ठरते. आणि पहाडगंजच्या मुख्य बाजारात जेथे दर चार हातांवर थांबावे लागते तेथे चवड्यांवर तोललेले 196 किलोग्रॅम वजन हा दिवसाकाठी शंभर वेळा द्यावयाचा व्यायाम ठरतो. स्प्लेंडरचे वजन 112 किलोग्रॅम आहे, हे येथे लक्षात घ्यावे. एक्सपल्स त्या मानाने पुष्कळच हलकी, आणि म्हणून नवख्या स्वारास ती अधिक क्षमाशील ठरते. हँडल दोहोंचेही रुंद. खडकाळ वाटेवर तोल सांभाळण्यास ते उपयोगी, दोन हातगाड्यांमधून सरकताना अडचणीचे.

मागच्या आसनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. अशी गाडी एकट्याने घेतली तरी ती एकट्याची राहत नाही. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमास आईला घेऊन जायचे झाले तर पाय टाकून त्या उंचीवर चढणे साठीच्या बाईस जमणारे नाही. साडी नेसून एका बाजूने बसणे तर त्याहून अवघड. ज्या घरात दुसरे वाहन नाही त्या घरात हा आक्षेप सर्वांत वजनदार मानला पाहिजे. गंमत अशी की गाडीच्या गुणदोषांची चर्चा तासन्‌तास करणारी मित्रमंडळी याचा उच्चारही करीत नाहीत.

आता दुसऱ्या बाजूस हिमालय. मनालीहून लेहकडे जाणारा मार्ग बारालाचा ला आणि टांगलांग ला अशा खिंडी ओलांडतो. त्यांपैकी टांगलांग ला 5,300 मीटरांहून उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो. इंजिन म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे ज्वलन. हवाच विरळ झाली की शक्तीही त्याच प्रमाणात ओसरते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या अशा ठिकाणी पेट्रोलाने तुंबून खोकू लागत. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांनंतर विजेच्या नियंत्रणाने इंधन सोडण्याची पद्धत जवळजवळ सर्वच मोटारसायकलींत आली, आणि ती हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल कमी करते. गाडी आता खोकत नाही. परंतु नसलेली हवा कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही. दिल्लीत 40 अश्वशक्ती देणारे इंजिन त्या खिंडीत 20 पेक्षा थोडी अधिक देते, आणि 18-19 अश्वशक्तीचे इंजिन सामानासह चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच कुंथत राहते. मोठ्या इंजिनाची बाजू घेणाऱ्यांचा हा मुद्दा खरा आहे.

पण त्यास उत्तरही आहे. बुलेटवर, इतकेच काय पण शंभर सीसीच्या साध्या गाड्यांवर स्वार झालेले लोक अनेक वर्षे लेहला जाऊन आले आहेत. शिवाय डोंगरच आता पूर्वीइतका कच्चा राहिलेला नाही. 3 ऑक्टोबर 2020 रोजी अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगचा कुप्रसिद्ध चिखल टाळता येतो. सीमा रस्ते संघटनेने उमलिंग ला येथे 19,024 फुटांवर नेलेला रस्ता तर डांबरी आहे. ज्या रस्त्यासाठी खास गाडी घ्यावी तो रस्ताच साध्या गाडीजोगा होत चालला आहे, ही या व्यवहारातली मौज म्हणावी लागेल. ओढ्यांचे पाणी, दरडी आणि स्पितीकडचे दगडगोटे मात्र अजून शिल्लक आहेत.

तेव्हा भाड्याने गाडी घेऊन हौस भागवावी, हा सल्ला साहजिकच पुढे येतो. पहाडगंजहून देशबंधू गुप्ता रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात करोल बाग येते, आणि तेथे मोटारसायकली विकणाऱ्यांची, दुरुस्त करणाऱ्यांची व भाड्याने देणाऱ्यांची दुकाने ओळीने आहेत. वर्षातून पंधरा दिवस डोंगरात आणि उरलेले साडेतीनशे दिवस कार्यालयाच्या वाटेवर, असा ज्याचा हिशेब आहे त्यास भाडेच परवडते. यात एक खोच आहे. लडाखबाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्या लेहच्या आसपास फिरविण्यास तेथील गाडीवाल्यांच्या संघटनांचा विरोध आहे. त्यांची बाजू अगदीच चुकीची नाही. चार महिन्यांच्या हंगामावर त्यांचे वर्ष निघते. म्हणून दिल्लीची भाड्याची गाडी लेहपर्यंत नेऊन पुढे पँगाँगसाठी तेथील दुसरी घ्यावी लागते आणि भाडे दुहेरी पडते. स्वतःच्या नावावरच्या गाडीस ही अडचण नाही. एकदाच जाणाऱ्याने मनालीपर्यंत बसने किंवा थेट लेहला विमानाने जावे आणि तेथेच गाडी घ्यावी, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचे; मात्र विमानाने एकदम त्या उंचीवर उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घेतलीच पाहिजे.

विकत घ्यावयाचेच ठरले तर पैशाचे गणित बदललेले आहे हे ध्यानी घ्यावे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि त्यापुढच्या गाड्यांवर 40 टक्के झाला. हिमालयन या रेषेच्या वर पडते, एक्सपल्स खाली. दोहोंच्या किमतींत मुळातच असलेले अंतर त्यामुळे आणखी रुंदावले. यावर नोंदणी आणि विमा, त्यातही नव्या दुचाकीस पाच वर्षांचा तृतीय-पक्ष विमा एकदमच घ्यावा लागतो. आणि सर्वांत शेवटी, बहुधा विसरली जाणारी रक्कम म्हणजे चांगले शिरस्त्राण, गुडघ्या-कोपरांची संरक्षणे आणि घोट्यावर येणारे बूट. कच्च्या वाटेवर पडणे हा अपघात नसून शिक्षणाचा भाग आहे. ज्याच्याजवळ बुटांपुरते पैसे उरत नाहीत त्याने खालच्या किमतीची गाडी घ्यावी.

जुनी गाडी स्वस्तात मिळते हे खरे. परंतु 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्या राजधानी परिसरात चालविण्यास हरित न्यायाधिकरणाने केलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम केली, आणि तिच्या अंमलबजावणीवरून पुढे वाद होत राहिले. म्हणून जुन्या बुलेटच्या मोहात पडणाऱ्याने प्रथम नोंदणीपुस्तकातले वर्ष वाचावे, मग इंजिनाचा आवाज ऐकावा. बदलीच्या नोकरीत असणाऱ्यास आणखी एक पाहावे लागते. एका राज्यात नोंदविलेली गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे ती तेथे पुन्हा नोंदवावी लागते. 2021 साली सुरू झालेल्या भारत श्रेणीच्या क्रमांकाने ही यातायात वाचते. केंद्र सरकारच्या नोकरास तो मिळू शकतो आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो.

बदलीचा हा विचार निर्णयाचे पारडे फिरवूही शकतो. उद्या हाच तरुण नंदुरबारच्या धडगावात, मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या एखाद्या तालुक्यात रुजू झाला, तर पावसाळ्यात फुटलेल्या रस्त्यांवर हीच गाडी त्याच्या रोजच्या उपयोगाची ठरेल. सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांपर्यंत दर रविवारी जाणाऱ्यासही ती फुकट गेली असे वाटणार नाही. मात्र तशा ठिकाणी 452 सीसीच्या भारदस्त गाडीपेक्षा हलकी, साधी आणि पडली तर एकट्याने उचलता येणारी गाडीच पसंत करावी. पडलेली गाडी उचलण्याची रीत अशी: तिच्या आसनाकडे पाठ करून खाली बसावे, एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागची पकड धरावी आणि कमरेऐवजी मांड्यांच्या जोराने, पावले मागे टाकीत उठावे. दिल्लीत हे करताना चार माणसे धावून येतात. सरचूच्या माळावर, 4,200 मीटरांच्या वर, सामान बांधलेली गाडी उचलताना दम लागून माणूस खाली बसतो, आणि पुढची मालमोटार येईपर्यंत कोणी येत नाही.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी कोणा ओळखीच्याची अशी गाडी एका रात्रीपुरती मागून आणावी. अकराच्या सुमारास बाजार मिटला, हातगाड्या भिंतीस लागल्या, म्हणजे ती आपल्या गल्लीच्या तोंडाशी बंद करून, वर न बसता, ढकलत दारापर्यंत न्यावी, वळवावी आणि पुन्हा बाहेर काढून पाहावी.