खेळणे जपावे, सेल काढून ठेवावा

१९७८ च्या जून महिन्यात शिकागोच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने ‘स्पीक अँड स्पेल’ नावाचे एक बोलके खेळणे मांडले. खेळण्याने इंग्रजी शब्द उच्चारावा, मुलाने कळा दाबून त्याचे स्पेलिंग जुळवावे आणि बरोबर की चूक, याचा निवाडाही खेळण्यानेच करावा, अशी त्याची रचना होती. त्याआधीच्या बोलक्या बाहुल्यांच्या पोटात छोटी तबकडी फिरत असे. येथे मानवी आवाज सिलिकॉनच्या चिपमधून उमटला. या साऱ्या करामतीला वीज पुरवीत ते दीड व्होल्टचे चार सेल.

आज अशी खेळणी संग्राहकांना हवी असतात. पुष्कळदा हाती आलेला नग बाहेरून नवा दिसतो. मागचा कप्पा उघडला, की आत पांढरी भुकटी आणि गंजून तुटलेल्या स्प्रिंगा आढळतात. मुलांच्या आदळआपटीतून वाचलेले खेळणे कपाटात विसरलेल्या सेलमुळे निकामी होते. आतील चिप आता कोठेही तयार होत नाही, म्हणून ही हानी भरून निघणे कठीण. गोदामात बिघडलेला माल भाव पाडतो, हे व्यापारी घरांना वेगळे सांगावयास नको.

सेल गळतो तो कसा? अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा तीव्र क्षार असतो. सेल उतरत गेला, की आत हायड्रोजन वायू साठतो, दाब वाढतो आणि क्षार झिरपू लागतो. हवेशी संयोग होऊन त्याची पांढरी भुकटी बनते. तारांवरून सरकत तो आतील पट्टीपर्यंतही पोहोचतो. जुन्या पद्धतीच्या साध्या सेलमध्ये जस्ताचे कवचच वीज देताना झिजते, त्याला छिद्र पडते आणि आम्लधर्मी द्रव बाहेर येतो.

म्हणून पहिला नियम एकच : खेळून झाले, की सेल बाहेर. जुना व नवा सेल कधीही एकत्र घालू नये. गळती झालीच असेल, तर हातमोजे घालून भुकटी कोरड्या ब्रशने काढावी. अल्कलाइनच्या डागावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाच्या काडीने अगदी थोडा लावावा. साध्या सेलच्या डागावर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावावा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कप्पा पूर्ण वाळू द्यावा.

सेल काढला म्हणजे काम संपले असे नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ ही खिशात मावणारी खेळणी बाजारात आणली. गुनपेई योकोई हे त्यांचे रचनाकार. त्यांना गुंडीएवढे सेल लागतात आणि त्यांचा पडदा लिक्विड क्रिस्टलचा असतो. असा पडदा ऊन व उष्णता यांनी काळवंडतो वा फिका पडतो. पांढऱ्या-करड्या प्लास्टिकचे कवचही उन्हाने पिवळे पडते. तेव्हा काचेच्या कपाटाची जागा खिडकीसमोर नसावी.

आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्यात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात व त्या वेळोवेळी बदलाव्यात. कपड्यांच्या सवयीने डांबरगोळ्या मात्र टाकू नयेत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिके मऊ पडतात. रबरी वा मऊ प्लास्टिकचे भाग कठीण प्लास्टिकला चिकटून ठेवू नयेत, कारण कालांतराने तेथे चिकट डाग उमटतो. मूळ खोके व माहितीपत्रक हेही संग्रहाचेच भाग. त्यांवर चिकटपट्टी लावू नये.

प्रत्येक नगाची नोंद एका वहीत असावी : निर्मितीचे वर्ष, सेलचा प्रकार व संख्या, दुरुस्ती आणि शेवटच्या तपासणीचा दिनांक. सहा महिन्यांतून एकदा सेल घालून खेळणे काही मिनिटे चालवावे, कळा दाबून पाहाव्यात, सेल पुन्हा काढावेत आणि वहीत तारीख लिहावी. पुढे संग्रह नातवंडांच्या हाती जाईल, तेव्हा ही वहीच त्यांना सांगेल, की कोणत्या खेळण्याला कोणता सेल घालावयाचा. मग १९७८ चा तो आवाज त्यांनाही एखाद्या शब्दाचे स्पेलिंग विचारील.