पोहण्याच्या तलावावर जन्मलेला वॉल्ट्झ

व्हिएन्नात डॅन्यूबच्या कालव्याकाठी डियानाबाड नावाची इमारत होती. उन्हाळ्यात लोक तिथे पोहायला जात. थंडी पडली की तलाव झाकून टाकत आणि त्याच जागी नाचगाण्यांच्या रात्री रंगत. १५ फेब्रुवारी १८६७च्या संध्याकाळी शहरातल्या पुरुषांच्या एका हौशी गायन मंडळाने तिथे कार्निव्हलचा कार्यक्रम ठेवला होता. साथीला होता लष्करी पलटणीचा वाद्यवृंद. गमतीदार शब्द लिहिले होते मंडळातल्याच योझेफ व्हाइल यांनी, आणि हे गृहस्थ पोलीस खात्यात नोकरीला होते! आदल्याच वर्षी प्रशियाकडून ऑस्ट्रियाचा पराभव झाला होता, शहर खिन्न होतं. त्या हौशी मंडळींनी, त्या झाकलेल्या तलावावर, जे गाणं पहिल्यांदा गायलं ते म्हणजे योहान स्ट्राउसचं ‘ब्ल्यू डॅन्यूब’.

होय, गाणं. जगभरात आज जी रचना निव्वळ वाद्यवृंदाची म्हणून ओळखली जाते, ती जन्माला आली तेव्हा तिला शब्द होते, ते गाणारे गळे होते, आणि तिचा ताल नाचाचा होता. पुढे त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ती शब्दांवाचून वाजली आणि तिथून जगभर गेली.

अभिजात संगीत, लोकांच्या तोंडची गाणी आणि जोडीनाच एकाच मंचावर आणणाऱ्या गावोगावच्या मैफिलींकडे बघून पुष्कळ जाणकार नाक मुरडतात. भेसळ झाली, असं त्यांना वाटतं. मला हे मुळीच पटत नाही. वॉल्ट्झच्या बाबतीत हे मिश्रण कुणी मागाहून केलेलंच नाही. आधी सगळं एकत्र होतं. वेगळं आपण नंतर केलं.

त्याचा पुरावा रचनेतच आहे. ‘ब्ल्यू डॅन्यूब’ सुरू होतं तेव्हा वॉल्ट्झ कुठेच नसतो. व्हायोलिनांची अगदी मंद थरथर, त्यावर हॉर्नचे सावकाश चढत जाणारे स्वर. खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला ही पहाट वाटते. पण नाचघरात या लांब प्रस्तावनेला साधं व्यवहारी काम होतं: तेवढ्या वेळात जोडीदार शोधायचा, त्याच्यासह मधल्या मोकळ्या जागेत यायचं, हात धरून उभं राहायचं. मग एकामागून एक पाच वॉल्ट्झ येतात, प्रत्येकाची चाल निराळी, म्हणजे नाचणाऱ्यांचा उत्साह टिकतो. आणि शेवटी मागच्या चालींची आठवण करून देत समारोप. नाचणाऱ्यांची सोय बघता बघता घडलेला हा आराखडा आज सभागृहात लोक श्वास रोखून ऐकतात, याचं मला फार नवल वाटतं.

आता पायांकडे पाहू. वॉल्ट्झ तीन मात्रांचा. पहिल्या मात्रेवर खर्जाचा ठोका, दुसरी-तिसरीवर हलके स्वरमेळ. पण नाचणाऱ्या जोडीचं एक पूर्ण वर्तुळ तीन मात्रांत होत नाही, सहांत होतं. पहिल्या तीन पावलांत अर्धी गिरकी, पुढच्या तीनांत उरलेली अर्धी. पहिली अर्धी गिरकी एका पायाने सुरू झाली तर पुढची अर्धी दुसऱ्या पायाने. म्हणजे वर्तुळ पुरं होऊन पाऊल पुन्हा मूळ जागी यायला सहा मात्रा लागतात. आपला दादरा आठवा: धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग, पहिलीला सम, चौथीला खाली. व्हिएन्नाच्या नर्तकांना दादरा ठाऊक असायचं कारण नव्हतं आणि आपल्या तबलियांना वॉल्ट्झ. तरी नर्तकाची गिरकी अर्धी होते ती नेमकी आपल्या खालीच्या जागी, आणि पुरी होते ती समेवर. दोन संस्कृतींचे पाय एकमेकांना न विचारता एकाच हिशेबावर आलेत.

आणि वेग? स्पर्धेतल्या व्हिएनीज वॉल्ट्झमध्ये तीन मात्रांचा गट मिनिटाला साधारण ५८ ते ६० वेळा येतो. म्हणजे मिनिटाला जवळजवळ ३० पूर्ण गिरक्या! शिवाय जोडी स्वतःभोवती फिरता फिरता दालनाभोवतीही फिरत असते. गिरकी उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांसारखी, तर दालनाची फेरी नेमकी उलट दिशेने. फुगडीत दोघी मागे रेलतात, हातांच्या ताणावर तोल सांभाळतात आणि जागच्या जागी फिरतात. वॉल्ट्झमध्ये ताण तोच, पण देह जवळ. फिरण्याचा आस दोघांच्या मधून जातो आणि तो आससुद्धा जागेवर थांबत नाही. पन्नास जोड्या एकाच वेळी असं फिरत असूनही एकमेकांवर आदळत नाहीत, कारण सगळ्यांना एकच वाद्यवृंद ऐकू येत असतो.

त्या वाद्यवृंदाची खरी करामत दुसऱ्या मात्रेत आहे. कागदावर तिन्ही मात्रा अगदी सारख्या अंतरावर लिहिलेल्या असतात. व्हिएन्नाचे वादक मात्र दुसरी किंचित लवकर घेतात आणि तिसरीच्या आधी जराशी मोकळी जागा सोडतात. त्या घाईने गिरकीला रेटा मिळतो, आणि पुढच्या सैलाव्यात देह वळून येतो. ही घाई किती करायची, हे स्वरलिपीत लिहिलेलं नसतं. शेजारी बसून, ऐकून, मोठ्या वादकांच्या बरोबर वाजवूनच ते हाती लागतं. ठेका बरोबर असूनही त्याला ‘वजन’ नाही, असं आपले गायक तबलजीला म्हणतात तेव्हा त्यांना जे हवं असतं, ते हेच.

या नाचाचं मूळ ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीतल्या खेड्यापाड्यांतल्या नाचात. सभ्य समाजाला तो सहज पचला नाही. १८१६ साली लंडनच्या ‘टाइम्स’ने त्यावर अश्लील म्हणून झोड उठवली, कारण त्यात स्त्रीपुरुष एकमेकांना धरून नाचत. आणि त्याच नाचाच्या संगीतापुढे योहानेस ब्राम्ससारखा करडा, गंभीर रचनाकार नमला. स्ट्राउसच्या घरातल्या एका स्त्रीने सहीसाठी पंखा पुढे केला, तेव्हा ब्राम्सने ‘ब्ल्यू डॅन्यूब’चे सुरुवातीचे सूर लिहून, हे दुर्दैवाने माझं नाही, अशा अर्थाची ओळ खाली टाकली.

वाद्यवृंद, गाणं आणि नाच हे सगळं नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरात पुन्हा एका चौकात आलं आहे. व्हायोलिनवादक आन्द्रे रियू तिथलाच. त्याचे वडील सिम्फनी वाद्यवृंदाचे संचालक होते. १९८७ साली त्याने स्ट्राउसच्या नावाने आपला वाद्यवृंद उभारला. दर उन्हाळ्यात फ्रायथॉफ चौकात, जुन्या चर्चांच्या सावलीत त्याच्या मैफिली होतात. त्याला जोरदार यश मिळवून दिलं ते शोस्ताकोविचच्या एका वॉल्ट्झने. हा सोव्हिएत रचनाकार सिम्फन्यांसाठी प्रसिद्ध. पण या वॉल्ट्झची चाल १९५०च्या दशकातल्या एका सोव्हिएत चित्रपटाच्या संगीतातली! रियूबरोबर गायला येणाऱ्यांत ‘मास्ट्रिख्टर स्टार’ हे १८८३पासून चालत आलेलं तिथलं पुरुष गायन मंडळही असतं. वॉल्ट्झ सुरू झाला की खुर्च्यांमधल्या वाटेत जोड्या फिरू लागतात, आणि प्रेक्षकही उठतात.

आपल्याकडे हे मिश्रण घडलं गोव्यात, आणि माझ्या मते अधिक नाजूकपणे. चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. सासष्टीतल्या मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांत युरोपीय जोडीनाच चालत. त्यातून १९व्या शतकात मांडो आकाराला आला. शब्द कोकणी, साथीला व्हायोलिन आणि मातीचं घुमट. हेच घुमट गोव्यातल्या गणपतीच्या आरतीलाही वाजतं. मांडोत पुरुष आणि स्त्रिया समोरासमोर ओळीत उभे राहतात, पुढे येतात, मागे सरतात, एकमेकांना ओलांडून जातात. स्त्रियांच्या हातात पंखा. पण एकमेकांना धरत नाहीत. ज्या मिठीने लंडनचे संपादक खवळले होते ती गोव्याने काढून टाकली आणि सारी ओढ चालीत आणि नजरेत ठेवली. लयही इथे संथ झाली, तरी मात्रा पुन्हा सहाच. मांडो संपला की लगेच दुलपद येतं, सहाचीच लय पण चपळ, आणि विरहाच्या गाण्यावरून सगळे गावातल्या गमतीजमतींवर येतात. पणजीच्या मांडो महोत्सवात आजही गावोगावचे हौशी गट हे सादर करतात.

चर्चच्या शाळांत आणि गोव्याच्या घराघरांत तयार झालेले कितीतरी वादक मुंबईत आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले. १९५८ साली त्यांनी मुंबईत ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. रागांवर आधारलेल्या रचना त्यांनी पाश्चात्य वाद्यवृंदासाठी स्वतः स्वरलिपीत लिहिल्या. आणि त्या गायला आपल्या वादकांच्या पुढे उभं केलं लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना.